मळणीच्या आधी अर्धा दिवस यंत्रासाठी
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



गहू, हरभरा काढणीला आला की मळणीची घाई सुरू होते. वर्षभर पडून असलेले मळणी यंत्र तसेच सुरू करू नका. आधी अर्धा दिवस त्याच्या निगेसाठी द्या.

रिंग पान्यांचा संच, ग्रीस गन व तारेचा ब्रश एवढी हत्यारे पुरेत. प्रथम मोटारीचा फ्यूज काढून खिशात ठेवा. ड्रमच्या दात्यांचे नटबोल्ट रिंग पान्यानेच आवळा. पकडीने नटाचे कोपरे झिजतात व तो ढिला राहतो. चालू यंत्रातून सुटलेला दाता जिवावर बेततो. बेअरिंगला ग्रीस द्या. पट्ट्याचा ताण तपासा व त्यावरील जाळी पुन्हा बसवा. शेवटी ड्रम हाताने फिरवून तो कोठे घासत नाही ना, ते पाहा.

आता पीक आत सरकवण्याचा पन्हाळा मोजा. तो किमान ९० सें.मी. लांब आणि ड्रमकडील ४५ सें.मी. वरून झाकलेला हवा. हात ड्रमपर्यंत पोहोचू नये, हाच यामागील हेतू आहे. आखूड असल्यास गावातील वेल्डरकडून पत्रा जोडून घ्या. धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा, १९८३ मळणी यंत्रालाही लागू आहे.

पेंढ्या घालणाऱ्याने सैल कपडे, हातात कडे घालू नये. थकलेल्या माणसाला यंत्रावर उभे करू नका. मळणी एक दिवस लांबली तरी चालेल. गेलेला हात परत येत नाही.