शेवटच्या दिवसांची सेवा

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत आणि नोकरी तहसील कचेरीत कारकुनाची. समितीने चार शब्द बोलण्याचा आग्रह केला, तेव्हा अशा मंगल प्रसंगी मरणाचा विषय काढावा की नाही, हा विचार दोन दिवस मनात घोळत होता. मग वाटले, बारशाचे बाळ आपण याच देवाच्या पायावर घालतो, लग्नाची पहिली पत्रिका यालाच ठेवतो. मग जन्माइतकीच खरी असलेली ही गोष्ट त्याच्यापासून कशाला लपवायची?

माझ्या टेबलावर रोज मृत्यूचे दाखले येतात. वारसनोंदीचे अर्ज, बांधाची भांडणे, भावाभावांच्या तक्रारी. इतक्या वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली. पुष्कळशी भांडणे जमिनीपेक्षा न बोललेल्या शब्दांची असतात. “बाप जाताना काय म्हणाला” हे कुणालाच ठाऊक नसते, कारण कुणी त्याला विचारलेलेच नसते.

दुसऱ्याचे कशाला सांगू? माझ्याच घरचे सांगतो. २०१६ साली आमच्या आबांना अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. दुखणे पुढे गेलेले होते. आम्ही भावांनी ठरवले, त्यांना सांगायचे नाही. “साधी गाठ आहे, बरे व्हाल,” असेच म्हणत राहिलो. आबा सगळे समजून होते. एक दिवस म्हणाले, “धाकट्याला बोलाव.” धाकटा म्हणजे आमचे काका. बांधावरून नऊ वर्षे बोलणे बंद. मी म्हणालो, “आबा, आधी बरे व्हा, मग बोलावू.” दुसऱ्यांच्या बांधाच्या फायली रोज हाताळणारा मी, स्वतःच्या बापाची एवढी फाईल मला पुढे सरकवता आली नाही.

शेवटी दोन गाई विकून त्यांना शहरात मोठ्या दवाखान्यात नेले. अकरा दिवस अतिदक्षता विभागात. तोंडात नळी, हात बांधलेले, भेट दिवसातून दोनदा दहा मिनिटे. मी आत गेलो की ते बोटाने दाराकडे दाखवत. घरी चला, एवढाच त्याचा अर्थ. तो मला कळत होता, पण लोक काय म्हणतील, मुलांनी उपचार केले नाहीत असे बोलतील, या भीतीने मी गप्प राहिलो. बाराव्या दिवशी ते तिथेच गेले. काका आले ते थेट स्मशानात. दोष दवाखान्याचा म्हणत नाही. विचारायचे ते मी विचारले नाही, हा दोष माझा.

मंडळी, बरे होणारे दुखणे असेल तर दवाखाना हवाच. जमीन गहाण पडली तरी माणूस वाचवावा. परंतु दुखणे बरे होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावरही करण्यासारखे पुष्कळ उरते. त्यालाच वेदनाशामक सेवा, इंग्रजी शब्दात पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. सिसिली सॉन्डर्स या बाईंनी आधी परिचारिका, नंतर डॉक्टर होऊन १९६७ साली लंडनमध्ये अशा रुग्णांसाठी सेवागृह काढले. त्यांचे सांगणे असे की, दुखणे केवळ शरीराचे नसते. मनाचे, घरच्या काळजीचे आणि देवापुढच्या प्रश्नांचेही असते. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले.

२०२२ साली आमच्या आईला छातीचा कॅन्सर होऊन तो हाडांत पसरला. या वेळी आम्ही तिला खरे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मला इथून हलवू नका.” जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातून मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या. कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यापासून हे औषध दवाखान्यांना मिळणे सोपे झाले आहे. लोक म्हणाले, नशा लागेल. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या त्या औषधाने आई रात्री झोपू लागली, सकाळी नातवंडांशी बोलू लागली.

परिचारिका बाईंनी सौभाग्यवतीला आणि मला शिकवले ते आपणही ध्यानात ठेवावे. दर दोन तासांनी कूस बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. शेवटी भूक आपोआप कमी होते, बळेच घास भरवू नये. गिळता येत नसेल तर पाणीही ओतू नये, ठसका लागतो. ओल्या कापसाने ओठ भिजवावेत. गंगाजलाचा थेंब तेवढाच पुरे. आणि जवळ बसून बोलावे, माणूस बोलत नसला तरी त्याला ऐकू येत असावे, असे डॉक्टर सांगतात.

त्या अडीच महिन्यांत आईने काकांना स्वतः बोलावले. दोघे काय बोलले ते आम्ही विचारले नाही. जाताना काका मला म्हणाले, “उद्या सकाळी बांधावर ये.” बांध एका तासात मिटला. तिने भांडी सुनांत वाटली. मला म्हणाली, “माझ्या नावाने मोठे जेवण घालू नका, देवळाला एक पायरी द्या. वर नाव नको.” पंढरपुरी महाद्वारात नामदेव महाराजांची पायरी आहे, तिच्या मनात तेच असावे. ती पायरी यंदा बसली.

कचेरीतला माणूस म्हणून एक कामाची गोष्ट सांगतो. मृत्युपत्र मालमत्तेचे असते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण शेवटच्या दुखण्यात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हेही आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली. आधी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे, जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केले तरी चालते. आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, त्यांची नावे त्यात घालावीत. हे लिहिले म्हणजे सेवा बंद होत नाही. वेदना शमवणे शेवटपर्यंत चालूच राहते. आणि कागद नसला तरी घरी बसून बोलायला स्टँप लागत नाही.

मरणाजवळ बसलेल्या माणसाला एक समजते, “नंतर बघू” हा शब्द फार महाग पडतो. ज्यांचे वडीलधारे घरी आहेत, त्यांनी आज रात्री त्यांच्याजवळ बसावे आणि “तुमच्या मनात काय आहे?” एवढेच विचारावे. ज्यांचे कुणाशी बोलणे बंद असेल, तो माणूसही बहुधा आज याच मंडपात बसला आहे. आमचे काका तिसऱ्या रांगेत आहेत. आबांचा निरोप त्यांना पोचवायला मला सहा वर्षे लागली, त्याबद्दल सर्वांसमक्ष त्यांची क्षमा मागतो.

काही चुकले असेल तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे. एवढे बोलून आपली रजा घेतो.

बोला, श्री भैरवनाथ महाराज की जय!