विद्वानास आसरा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस विद्यादानाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. ज्या मंडळाचा पायाच शिष्यवृत्तिनिधीवर उभा आहे, त्याला या विषयावर नवे काय सांगावे? म्हणून उपदेश न करता एक हकिकत सांगावी आणि अखेरीस एक विनंती करावी, एवढाच आमचा हेतू आहे.

१९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. ७ एप्रिल रोजी एक कायदा झाला आणि ज्यू वंशाच्या, तसेच सत्तेला नकोशा असलेल्या अध्यापकांना विद्यापीठांतून दूर करण्यास आरंभ झाला. आयुष्यभर प्रयोगशाळेत रमलेली माणसे एकाएकी उघड्यावर पडली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक विल्यम बेव्हरिज त्या वेळी व्हिएन्नात होते. वर्तमानपत्रांतील वार्ता वाचून ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांच्या पुढाकाराने मे महिन्यात ‘अकॅडेमिक असिस्टन्स कौन्सिल’ स्थापन झाली. थोर शास्त्रज्ञ रदरफोर्ड तिचे अध्यक्ष झाले. इंग्लंडमधील अध्यापकांनी आपल्या पगारातून वर्गणी दिली आणि रॉयल सोसायटीने कचेरीसाठी जागा दिली.

या कौन्सिलची कार्यपद्धती ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्येक अर्जदाराची स्वतंत्र फाइल केली जाई. तीत त्याचे प्रसिद्ध झालेले संशोधन आणि जाणकारांचे अभिप्राय असत. मग कोठे जागा आहे, कोणास असा मनुष्य हवा आहे, याचा पत्रांनी शोध घेतला जाई. तोवर निर्वाहासाठी अविवाहितास वर्षाला सुमारे १८२ आणि विवाहितास २५० पौंड मिळत. हा पत्रव्यवहार एस्थर सिंप्सन या बाईंनी जिनिव्हातील अधिक पगाराची नोकरी सोडून अंगावर घेतला आणि जन्मभर या माणसांची विचारपूस केली.

एका हुद्द्याने काय साधते ते पाहा. हान्स क्रेब्ज यांना फ्रायबुर्गहून काढले, तेव्हा हॉपकिन्स यांनी त्यांना केंब्रिजला बोलावून घेतले. १९३५ साली ते शेफील्डला गेले. अन्नापासून शरीराला शक्ती कशी मिळते, हे उलगडणारे रासायनिक चक्र त्यांनी १९३७ मध्ये तेथेच मांडले आणि १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या देशाकडे वळू. गटिंगेनहून दूर केलेले मॅक्स बॉर्न १९३५ साली सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आले. त्यांना येथेच कायमचे ठेवून घ्यावे, अशी रामन यांची इच्छा होती. परंतु एका इंग्रज अध्यापकाने भर सभेत त्यांची दुय्यम प्रतीचा, स्वदेशातून हाकललेला परका अशी संभावना केली. घरी येऊन आपण रडलो, असे बॉर्न यांनी पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. ती जागा झाली नाही. १९३६ साली एडिंबरो विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक केले. १९५४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दाराशी आलेला ज्ञानाचा ठेवा आपल्या भूमीने असा गमावला.

त्या इंग्रजास दोष देऊन आम्हांस मोकळे होता आले असते. परंतु गतवर्षी आमच्याच शिष्यवृत्ति-समितीपुढे एका मुलीचा अर्ज आला होता. गुण उत्तम, वडिलांची नोकरी गेलेली, शास्त्रशाखेत शिकण्याची हौस दांडगी. अर्जातील पहिला रकाना ज्ञातीचा, आणि ती आपल्या ज्ञातीची नव्हती. नियमाप्रमाणे अर्ज परत गेला. त्या पत्रावर सही आमची आहे. सही करताना हात अडखळला नाही, याचीच आज आम्हांस लाज वाटते.

घटनेत बदल करा, असे आम्ही म्हणत नाही. पूर्वजांनी हा निधी ज्ञातीच्या मुलांसाठी ठेवला. तो त्यांचाच राहो. परंतु आपण निराळी वर्गणी काढून दरवर्षी एक शिष्यवृत्ती अशी ठेवू या, की तिच्या अर्जात तो रकानाच नसेल. आणि ज्यांची मुले, सुना, जावई आज देशोदेशींच्या विद्यापीठांत आहेत, त्यांनी गरजू विद्यार्थ्यासाठी एखादे पत्र लिहिण्याचा कंटाळा करू नये. एस्थरबाईंपाशी तरी पत्रांखेरीज दुसरे काय होते?

त्या कौन्सिलचे नाव पुढे पालटले, परंतु युद्धाने वा जुलुमाने परागंदा झालेल्या विद्वानांना आसरा मिळवून देण्याचे तिचे कार्य आजही चालू आहे. आपल्या या नव्या शिष्यवृत्तीसाठी पहिली वर्गणी आम्ही आजच खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहो. दुसरी कोणाची, हे आपण ठरवावे.