सावत्र पित्याचे दत्तकविधान आणि जन्मदात्याची जबाबदारी

(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पतीच्या निधनानंतर किंवा घटस्फोटानंतर स्त्रीने पुन्हा संसार मांडणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. आपल्या अनेक समाजांत पाट लावण्याची चाल पूर्वापार होती. जेथे ती नव्हती तेथे १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने वाट मोकळी केली आणि विष्णुशास्त्री पंडित, महर्षी कर्वे यांच्यासारख्यांनी समाजाचा रोष पत्करून ती रुळविली. परंतु त्या काळातील बहुतेक चर्चा स्त्रीच्या विवाहाभोवतीच फिरत राहिली. तिच्याबरोबर नव्या घरात येणाऱ्या मुलाचा विचार मागे पडला. त्या कायद्यात मुलांविषयी एक कलम होते. पण त्याचा हेतू आईने पुनर्विवाह केल्यास मृत पतीच्या नातलगांना मुलासाठी पालक नेमून मागता यावा एवढाच होता.

आज हा प्रश्न आपल्यापुढे वेगळ्या रूपाने येतो. आई मुलाला घेऊन शाळेत येते आणि दाखल्यावर नव्या पतीचे नाव लावण्याची विनंती करते. तिची भावना समजण्यासारखी असते. वर्गात हजेरी घेताना मुलाचे नाव एक आणि घरातील माणसांचे दुसरे, यामुळे मुलाला संकोच होतो. मुख्याध्यापकांना दया येते, सरपंच शिफारसपत्र देतात आणि मुद्रांकावर केलेल्या प्रतिज्ञापत्राच्या आधारे काम उरकले जाते. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. पण त्या मुलाला नवा पिता कायद्याने मिळत नाही आणि जुन्या पित्याकडून जे मिळावयाचे त्यात मात्र घोटाळा निर्माण होतो.

नाव लावणे म्हणजे दत्तक नव्हे

प्रथम हे स्पष्ट करून घेऊ की, केवळ आईशी विवाह केल्याने सावत्र पिता मुलाचा कायदेशीर पिता होत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक कोण हे सांगताना ‘पिता’ व ‘माता’ या शब्दांत सावत्र पिता व सावत्र माता यांचा समावेश होत नाही, असे स्पष्टीकरण आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणेही सावत्र मूल सावत्र पित्याचे पहिल्या वर्गातील वारस नाही. त्याच्या पोषणाचे कायदेशीर बंधनही सावत्र पित्यावर नाही. तो प्रेमाने करील तर उत्तमच; पण न केल्यास मुलाला मागण्याचा हक्क नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आईने दुसरा विवाह केला म्हणून जन्मदात्या पित्याची जबाबदारी संपत नाही. पत्नीची पोटगी तिच्या पुनर्विवाहाने बंद होऊ शकते. मुलाचे पोषण हा मात्र मुलाचा स्वतंत्र हक्क आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाचे कलम २० तो देते आणि कोणत्याही धर्माच्या मुलासाठी फौजदारी प्रक्रियेतील तरतूद तो देते. ही तरतूद पूर्वी कलम १२५ म्हणून ओळखली जाई. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. औरस असो वा अनौरस, अज्ञान मुलाला तिचा आधार आहे. ‘आता तिला दुसरा मिळाला, मी कशाला देऊ?’ हे उत्तर गावात खपत असेल, न्यायालयात खपत नाही. एक व्यावहारिक सूचना येथेच देतो. या कलमाखाली थकलेली रक्कम वसूल करण्यासाठी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. संकोचापोटी थांबणाऱ्या आईचे यात नुकसान होते.

पित्याची संमती

सावत्र पित्याला मनापासून पितृत्व स्वीकारावयाचे असेल तर त्याचा राजमार्ग दत्तकविधान हा आहे. हिंदू कुटुंबांना १९५६ चा दत्तक व निर्वाह अधिनियम लागू पडतो. त्याच्या कलम ९ प्रमाणे मूल दत्तक देण्याचा अधिकार पूर्वी मुख्यतः पित्याचा होता. २०१० च्या दुरुस्तीने माता व पिता यांना समान अधिकार मिळाला. मात्र एकाने तो बजावताना दुसऱ्याची संमती आवश्यक आहे. दुसऱ्याने संसाराचा पूर्णपणे त्याग केला असेल, तो हिंदू राहिला नसेल किंवा न्यायालयाने त्यास विकल मनाचा ठरविले असेल, तरच संमतीची गरज नाही.

या अपवादांत ‘पोटगी देत नाही’ किंवा ‘भेटावयास येत नाही’ हे कारण नाही, हे ध्यानात घ्यावे. घटस्फोटाच्या हुकुमात मुलाचा ताबा आईकडे दिलेला असला तरी पित्याचे नाते संपलेले नसते. पित्याचा ठावठिकाणा नसेल तर गावच्या पंचनाम्यावर भागवू नये, न्यायालयाकडे जावे. सात वर्षे ज्याच्याविषयी स्वकीयांना काहीही कळलेले नाही त्याच्या मृत्यूचे अनुमान करण्याची तरतूद पुरावा कायद्यात आहे, पण ते ठरविणे न्यायालयाचे काम आहे.

पिता हयात नसेल तर स्थिती निराळी असते. तेव्हा आई एकटी नैसर्गिक पालक असते आणि दत्तक देण्याचा अधिकार तिचा असतो. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात पुनर्विवाहित आईला मुलाचे आडनाव ठरविण्याचा अधिकार आहे असे सांगितले आणि कागदोपत्री नव्या पतीचा उल्लेख ‘सावत्र पिता’ असा करण्याचा खालील आदेश मुलाच्या मनाचा विचार न करणारा म्हणून रद्द केला. आपल्या कार्यालयातील नोंदी करताना ही दृष्टी उपयोगी पडेल.

कोणता कायदा, कोणत्या अटी

१९५६ च्या अधिनियमात आणखी काही अटी आहेत. दत्तक घेणाऱ्यास स्वतःचा मुलगा असेल तर मुलगा व मुलगी असेल तर मुलगी दत्तक घेता येत नाही. पुरुषाने मुलगी दत्तक घेताना दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचे अंतर हवे. रूढी नसल्यास मूल १५ वर्षांच्या आतील असावे. प्रत्यक्ष देणे-घेणे आवश्यक. दत्तहोम आवश्यक नाही. दत्तकपत्राची नोंदणी केल्यास कलम १६ प्रमाणे दत्तक विधियुक्त झाल्याचे गृहीत धरले जाते. म्हणून साध्या प्रतिज्ञापत्रावर समाधान न मानता नोंदणी करून घ्यावी.

या अटींत न बसणाऱ्यांना आणि मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांना २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचा मार्ग खुला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, त्या वेळच्या बाल न्याय कायद्याच्या संदर्भात, हा मार्ग कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस स्वेच्छेने स्वीकारता येतो असे म्हटले आहे. २०२२ च्या दत्तक विनियमांत सावत्र पालकांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. जन्मदात्या पालकाची संमती विहित नमुन्यात द्यावी लागते आणि मुलाच्या ताब्याचा दावा चालू असल्यास त्याचा निकाल लागल्यावरच प्रक्रिया सुरू होते. २०२१ च्या दुरुस्तीने आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सोपविला व ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली. तिला न्यायालयांत आव्हानेही दिली गेली. तेव्हा अर्ज कोठे करावयाचा, याची विचारणा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आधी करावी.

काय मिळते, काय जाते

दत्तकविधान पूर्ण झाले की सावत्र पिता हा पिता होतो. पोषणाची जबाबदारी त्याची आणि मूल त्याचे वारस. त्याच वेळी जन्मदात्याच्या कुटुंबाशी असलेले कायदेशीर संबंध तुटतात. पुढील पोषणखर्च देण्याचे त्याचे बंधन संपते आणि त्याच्या पश्चात वारसा मागण्याचा मुलाचा हक्कही संपतो. दत्तकापूर्वी मुलाकडे निहित झालेली मालमत्ता तेवढी त्याचीच राहते. समजा, पिता वारला आणि सात-बारावर मुलाचे नाव वारस म्हणून लागले. ती जमीन दत्तकाने जात नाही. पण पिता हयात असेल आणि त्याची पाच एकर बागायत असेल, तर तिच्यावर उद्या मिळू शकणारा वारसाहक्क आज सोडावा लागतो. अविभक्त कुटुंबातील वाटणी न झालेल्या हिश्शाबाबत वाद उद्भवू शकतो. म्हणून सही करण्यापूर्वी आईला हा हिशेब कोणीतरी समजावून सांगितला पाहिजे.

दत्तक परत फिरविता येत नाही, हेही सांगावे. कलम १५ प्रमाणे विधियुक्त दत्तक रद्द करता येत नाही. उद्या दुसरा संसारही मोडला, तरी दत्तक पिता हा पिताच राहतो आणि पोषण त्याच्याकडेच मागावयाचे असते.

एका अनिष्ट प्रकाराकडे पंचायत सदस्यांचे विशेष लक्ष वेधतो. ‘तू संमती दे, आम्ही थकबाकी सोडतो,’ किंवा ‘पैसे द्या, मग सही करतो,’ असे सौदे बैठकीत ठरविले जातात. दत्तकाच्या मोबदल्यात पैसे अथवा अन्य लाभ देणे-घेणे कलम १७ ने निषिद्ध असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. शिवाय थकबाकी मुलाच्या अन्नवस्त्राची आहे. ती सोडून देण्याचा अधिकार पंचांचा नाही आणि आईचाही मर्यादितच आहे. अशा सौद्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये.

आपले काम

मुख्याध्यापकांनी नोंदणीकृत दत्तकपत्र किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश पाहिल्याशिवाय हयात पित्याचे नाव बदलू नये. पण तेवढ्यासाठी मुलाचा प्रवेशही अडवू नये. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव अनिवार्य झाले आहे. आईची ओळख ही मुलाची पुरेशी ओळख आहे, हा विचार त्याहून मोठ्या मुलांच्या बाबतीतही वर्गात रुजविता येईल. ग्रामसेवकांनी आईला तालुका विधी सेवा समितीचा पत्ता द्यावा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना व बालकांना उत्पन्नाची अट न लावता तेथे विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळते. आणि मूल जाणते असेल तर त्याला काय वाटते, हे सर्वांनी आधी विचारावे.

सावत्र पिता स्वखुशीने पुढे येतो तेव्हा त्याचे कौतुक जरूर करावे. परंतु दत्तकविधान पुरे होईपर्यंत जन्मदात्याकडील हक्क सुटू द्यावयाचा नाही. एका पित्याचे नाव शाळेच्या दाखल्यावर, दुसऱ्याचे जन्मनोंदीत आणि खर्चाला मात्र दोघांपैकी कोणीच नाही, अशा स्थितीत आपल्या गावातील एकही मूल राहू नये, एवढे आपण पाहावे, अशी माझी विनंती आहे.