जुने ऑफिस काढताना
(नभोवाणीवरील भाषण)



ईस्टरची सुटी संपून आमच्या शाळेत वार्षिक निकालाची घाई सुरू झाली होती. कार्यालयातील संगणकावर मायक्रोसॉफ्टचे २०१० सालचे ऑफिस होते. १३ ऑक्टोबर २०२० नंतर त्याला कंपनीकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा झाल्या. म्हणून व्यवस्थापनाने नवे ऑफिस विकत घेतले. ते बसविण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी आरंभीच चूक केली. जुन्या ऑफिसचा फोल्डर शोधून तो मी सरळ पुसून टाकला.

घर पाडले म्हणून उताऱ्यावरील नाव जात नाही. विंडोजमध्येही असेच आहे. ऑफिस बसते तेव्हा त्याच्या निरनिराळ्या भागांची नोंद रजिस्ट्री नावाच्या दप्तरात होते. मी घर तेवढे पाडले, दप्तर तसेच राहिले. कंट्रोल पॅनेलच्या यादीत जुने ऑफिस दिसे, पण काढू जाता काम अर्ध्यावर थांबे. नवे ऑफिस ६४-बिटचे. तेही 'आधी ३२-बिटचे काढा' असे बजावून अडून बसले, कारण हे दोन प्रकार एका संगणकावर एकत्र नांदत नाहीत. जुने गेले, नवे येईना, आणि गुणपत्रके द्यावयास अवघे चार दिवस उरलेले!

वास्तविक रीत साधी आहे. ऑफिस काढल्याने आपले कागद पुसले जात नाहीत. तरी त्यांची आणि आउटलुकमधील टपालाची प्रत आधी दुसरीकडे ठेवावी. जुन्या ऑफिसची २५ अक्षरांची किल्ली वहीत उतरवून घ्यावी. मग कंट्रोल पॅनेलमधून ते रीतसर अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करावा. एवढ्याने न निघाल्यास, ऑफिस समूळ काढण्याचे साधन मायक्रोसॉफ्ट स्वतःच देते. भलत्या संकेतस्थळावरून तसले काही आणू नये आणि रजिस्ट्रीत स्वतः हात घालू नये. माझ्यासारख्या उत्साही माणसाने तर मुळीच नाही.

त्या साधनाने आमचे जुने ऑफिस निघाले. तरीही नव्याची तक्रार तीच! तेव्हा यादी ओळीओळीने वाचली. तळाशी 'अ‍ॅक्सेस डेटाबेस इंजिन' असे नाव सापडले, तेही ३२-बिटचे. ते ऑफिस नव्हे, त्याचा लहानसा सोबती. मी ते काढणार, तोच आमचे कारकून म्हणाले, "सर, थांबा. निकालाच्या प्रोग्रॅमबरोबर आलेले ते हेच असेल."

त्यांचे म्हणणे खरे निघाले. गुणांचा सारा साठा तो प्रोग्रॅम याच इंजिनातून वाचत होता. ते काढले असते तर नवे ऑफिस बसले असते, पण निकाल उघडला नसता. प्रश्न जुने काय काढावे एवढाच नव्हता. त्या जुन्यावर कोण विसंबून आहे हेही पाहावयाचे होते. नवे ऑफिस ३२-बिटमध्येही मिळते. ६४-बिटचा खरा उपयोग प्रचंड तक्त्यांना. आमच्या वर्गयाद्यांना त्याची गरज नव्हती. आम्ही इंजिन राहू दिले आणि नवे ऑफिस ३२-बिटचे बसविले. या वेळी तक्रार आली नाही.

एक्सेलच्या 'अकाउंट' पानावर नव्या आवृत्तीचे नाव पाहिले, निकालाचा प्रोग्रॅम उघडून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सर्व गुणपत्रके छापून झाली.