जुन्या ऑपरेशनचा कागद जपा

परवा गटाच्या मीटिंगला हप्ते गोळा करून झाले आणि एका ताईंनी आपल्या सासऱ्यांची हकीकत सांगितली. मामंजी सत्तरीचे, बिडीची जुनी सवय. मुतखडा बघायला मिरजेला सोनोग्राफी केली, तर पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली निघाली. दुखत काहीच नव्हतं.

ही वाहिनी म्हणजे महाधमनी. पोटात तिची रुंदी साधारण 2 सेंटीमीटर असते. 3 झाली की फुगवटा धरतात. सायकलची ट्यूब एका जागी विरली की तिथंच फुगते, तसं. फुटली तर हाताशी वेळ फार थोडा. म्हणून लहान फुगवट्यावर लक्ष ठेवतात. पुरुषांत साडेपाच, बायकांत पाचच्या आसपास गेला की ऑपरेशनचा विचार होतो.

डॉक्टरांनी विचारलं, "पूर्वी पोट उघडलं होतं का?" मामंजींचं वीस वर्षांपूर्वी आतड्याचं ऑपरेशन झालेलं. कागद मात्र पेटीत पाणी शिरून गेले.

हे का विचारतात? एकदा पोट उघडलं की आतडी एकमेकांना आणि पोटाच्या भिंतीला चिकटू शकतात. पुन्हा समोरून जायचं तर ती सोडवावी लागतात, त्यात इजेची भीती असते. मग काही वेळा डाव्या कुशीतून, आतड्यांच्या मागून जातात. किंवा जांघेतल्या वाहिनीतून कापडी अस्तराची जाळीदार नळी आत बसवतात. त्यात पोट उघडावं लागत नाही, पण पुढं कायम तपासणी करावी लागते. कुणाला काय जमेल, ते सीटी स्कॅन बघून ठरतं.

हा आजार जास्त करून बिडी-सिगारेट ओढणाऱ्या, वय झालेल्या पुरुषांना होतो. पण पोटावरचा व्रण आपल्यात घरोघरी आहे. सिझर, कुटुंबनियोजन, पिशवी काढणं. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. 82,309 पैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. त्यातल्या कितीजणींकडं कागद असेल? पुढं पोटाचं कुठलंही ऑपरेशन निघालं, तर तो लागतोच.

तेव्हा एवढं करा. दवाखान्यातून घरी सोडतानाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशन कार्डासोबत ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढा. बिडी ओढणारं साठीपुढचं माणूस घरात असेल, तर डॉक्टरांना सोनोग्राफीबद्दल विचारा. पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ आली, घाम फुटला, चक्कर आली, तर घरगुती काढा करत बसू नका, 108 ला फोन करा.

मामंजींचा फुगवटा साडेचारच्या आसपास आहे. बिडी सुटली आहे. पुढच्या तपासणीची तारीख सूनबाईंनी कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवली आहे.