जुन्या संगणकांची स्मृती

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ संगणक कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीत ४० द्विमान अंकांचे २०४८ शब्द मावत. प्रत्येक अंकास फेराइटची एक इवलीशी कडी. अशा ८१,९२० कड्या तारांत ओवलेल्या! कडी वाचताच तिच्यातील नोंद पुसली जाई, म्हणून ती तत्काळ पुन्हा लिहावी लागे.

पुढे कड्यांची जागा चिपांनी घेतली. आता जुनी चिप बाजारात मिळेनाशी झाली की सबंध यंत्र भंगारात जाते, आणि त्यातील नोंदीही दुर्लभ होतात. यावर उपाय म्हणून जगभरचे हौशी जाणकार स्मृतिपट्ट्यांचे आराखडे सर्वांस खुले करतात. नांदेड व लातूरच्या तंत्रनिकेतनांतील तुम्हा विद्यार्थ्यांना डाख देणे नवे नाही. एखादे बंद पडलेले यंत्र निवडा, त्याचा खुला आराखडा मिळवा आणि येत्या सुटीत पट्टी हाती घ्या.