बाळाचे आसन आणि त्यावरील शिक्का
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



बदलीच्या गावी आपली कुटुंबे एकमेकांच्या संसाराला हातभार लावीत आली आहेत. एकाची बदली झाली की पाळणा, बाबागाडी, मुलांची खेळणी मंडळातल्या दुसऱ्या घरी जातात. ही रीत चांगली आहे आणि तिच्याविरुद्ध मी बोलणार नाही. परंतु अलीकडे या देवघेवीत मोटारीत मुलाला बसविण्याचे आसन, ज्याला आपण सारेच ‘कार सीट’ म्हणतो, तेही आले आहे. पाळण्याचा न्याय या आसनाला लावता येत नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आईच्या मांडीसारखी सुरक्षित जागा नाही, असे आपण मानतो. घरात ते खरेही आहे. पण ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार धडकून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर १० किलो वजनाचे मूल सुमारे १४० किलो भाराच्या जोराने पुढे खेचले जाते. कोणत्या मातेचे हात तो भार पेलतील? दोघांभोवती मिळून एकच पट्टा घेतला, तर मूल आईच्याच अंगाखाली दडपले जाते.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने वा बालआसनाने सुरक्षित न करता मोटार चालविल्यास १,००० रुपये दंड आहे. दंड चुकविण्यापुरतीच वस्तू शोधणाऱ्यास बाजारात ती स्वस्तात मिळते. नुसत्या कापडाची गादी, दोन-चार पट्टे, आणि पाठीशी टणक कवच मुळीच नाही! ब्रिटनमधील व्यापार-मानक अधिकाऱ्यांनी अशा कापडी आसनांपासून पालकांना सावध केले आहे. माझ्या मते ही वस्तू नसण्यापेक्षा असणे अधिक वाईट. आसन नाही हे ठाऊक असलेला बाप निदान जपून तरी हाकतो.

मग खरे आसन ओळखावे कसे? संयुक्त राष्ट्रांचा नियम ४४, त्यानंतरचा नियम १२९ आणि आपल्याकडील एआयएस ०७२ ही यासाठीची मानके होत. संयुक्त राष्ट्रांच्या नियमांखाली मंजूर झालेल्या आसनावर वर्तुळात ‘ई’ हे अक्षर व मंजुरी देणाऱ्या देशाचा अंक असतो. १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. शेजारी मंजुरी क्रमांक आणि मुलाच्या वजनाची वा उंचीची मर्यादा छापलेली असते. ‘सीई’ ही अक्षरे निराळी. त्यांवर विसंबू नये. सरकारी नोकरीत शिक्के पाहण्यातच माझी हयात गेली, म्हणून सांगतो, शिक्काही खोटा उठविता येतो. तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे, पावती मागावी, बसविण्याची सूचनापुस्तिका आहे की नाही ते पाहावे, आणि शंका आल्यास मंजुरी क्रमांक उत्पादकाला कळवून खात्री करून घ्यावी.

खरे आसनही चुकीचे बसविले तर व्यर्थ जाते. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. म्हणून नियम १२९ प्रमाणे किमान पंधरा महिन्यांपर्यंत त्याचे तोंड मागच्या काचेकडे हवे. असे आसन चालू एअरबॅगसमोर, पुढच्या बैठकीवर कदापि ठेवू नये.

आता आपल्या देवघेवीविषयी. दुसऱ्याचे आसन घेताना ‘ही मोटार कधी धडकली होती का?’ असे संकोच न बाळगता विचारावे. धडकेत कवचाला गेलेला बारीक तडा कापडाखाली दिसत नाही. देणाऱ्यानेही राग मानू नये. उलट आपण होऊन सांगावे. लेबल फाटलेले, पुस्तिका हरवलेली, पूर्वीचा मालक कोण याचा पत्ता नाही, असे आसन फुकट मिळाले तरी घेऊ नये. आणि अपघातात सापडलेले आसन भंगारवाल्याकडे देण्यापूर्वी त्याचे पट्टे कात्रीने कापून टाकावेत; नाहीतर तेच आसन धुऊनपुसून आणखी एखाद्या घरी जाऊन बसते.